गाठीची जागा

आमच्याकडे सोनोग्राफी करून आलेल्या बाईला पहिला प्रश्न ठरलेला असतो. "काय निघालं?" विचारणारीला नेमकं काय विचारायचंय ते सगळ्यांना ठाऊक असतं, आणि दवाखान्यातला "येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही" हा बोर्डही सगळ्यांनी वाचलेला असतो. तरी विचारतात. २०१५ च्या नवरात्रात, घट बसलेले असताना, मी लातूरहून पहिली सोनोग्राफी करून औशाजवळच्या आमच्या गावी आले, तेव्हा नवऱ्याच्या आत्याबाई ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "काय निघालं गं?"

आठव्या आठवड्यात कुणाच्या बापाला मुलगा-मुलगी दिसत नाही. पण हा प्रश्न आठवडे मोजत नाही.

"गाठ," मी म्हणाले.

त्यांच्या हातातली शेंग हातातच राहिली. "आन् लेकरू?"

"तेबी हाय."

त्यांनी सुपातला एक शेंगदाणा उचलून माझ्यासमोर धरला. "एवढं आसंल आता." आणि खरंच तेवढंच होतं. दीड-पावणेदोन सेंटिमीटर, मधोमध काहीतरी लुकलुकणारं. मॅडमनी स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं होतं, "हे बाळ, हे ठोके." मग बोट जरा वर, डावीकडे सरकलं. तिथे एक गोल होता, करडा, कडा रेखीव. "आणि हा फायब्रॉईड. सहा बाय पाच सेंटिमीटर." शेंगदाण्याशेजारी मोसंबी. हे मी आत्याबाईंना सांगितलं नाही. रात्री मायला फोनवर सांगितलं, आणि पलीकडून बराच वेळ काही आवाजच आला नाही. मग ती म्हणाली, "काढाय लावतेत का?"

तिच्या तोंडून दुसरं काही येणं शक्य नव्हतं.

मायची गर्भपिशवी १९९३ च्या पावसाळ्यात काढली. तेव्हा ती पस्तीस वर्षांची होती आणि मी अकरा. आमच्या घरात त्या ऑपरेशनची तारीख कुणालाच आठवत नाही, "भूकंपाच्या महिनाभर आधी" एवढंच सांगतात. ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमाराला, गणपती बोळवून माणसं नुकती पडलेली असताना किल्लारीची जमीन हलली. तेव्हा आम्ही सगळे अंगणात पळालो आणि माय दोन्ही हातांनी पोट धरून मागून आली. धाकट्याला उचलायला ती वाकली नाही, ते मला आजही दिसतं. टाके होते ना. लोक भिंतींकडे बघत होते, मी तिच्या पोटाकडे.

तिला अंगावरून फार जायचं. आठ-आठ, दहा-दहा दिवस. आजीला पण जायचं म्हणे. "आपल्या घरात बायकांना जास्तच जातंय" हे आमच्याकडे असं सांगितलं जायचं जसं दुसऱ्या घरात "आमच्यात उंची कमी" म्हणतात. मलाही जायचं, आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलींना लोहाच्या गोळ्या वाटणारी बाई असून माझं स्वतःचं हिमोग्लोबिन पहिल्या तपासणीत आठ पॉइंट नऊ निघालं. तेही आपलं असतंच असं, म्हणून मी बघितलं नव्हतं. तर मायला तालुक्याच्या गावातल्या एका डॉक्टरांनी सांगितलं, पिशवीला गाठ आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. बापानं चार शेरडं विकली आणि आठवड्यात ऑपरेशन झालं.

गाठ असली की पुढे कॅन्सर, हे आमच्या भागात बायकांना इतक्या वेळा सांगितलं गेलंय की त्यावर आता कुणी प्रश्न करत नाही. फायब्रॉईड म्हणजे गर्भपिशवीच्याच स्नायूची गाठ. पिशवीची भिंत ज्या धाग्यांची, त्याच धाग्यांचा गुंडाळा. कॅन्सर नव्हे, आणि अशा गाठीतून कॅन्सर निघणं अत्यंत विरळा. ती इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनवर पोसते, म्हणून वयात येण्याआधी ती नसते आणि पाळी गेल्यावर बहुधा आपोआप आक्रसते. पस्तिशीतल्या मायला हे कुणी सांगितलं असतं तर तिनं काय ठरवलं असतं, ते मला माहीत नाही. कदाचित काढच म्हणाली असती. दर महिन्याला दहा दिवस रक्तात घालवणाऱ्या बाईला "थांब, दहा-पंधरा वर्षांत जाईल" म्हणणंही सोपं नाही. पण विचारलं तर पाहिजे ना.

मी तिला त्या रात्री फोनवर विचारलं, "माय, तुझी गाठ कुठं होती?"

"पिशवीत."

"पिशवीत कुठं?"

"पिशवीत म्हंजी पिशवीत. मी काय बघाय गेलते का?"

"केवढी होती?"

हे मात्र तिला माहीत होतं, कारण आकाराची आमच्या घरात कथाच आहे. ऑपरेशननंतर ट्रेमध्ये घालून काढलेली पिशवी नातेवाइकांना दाखवायची रीत होती, अजूनही बऱ्याच ठिकाणी आहे. बापाला दाखवली तर तो भिंतीला टेकून खाली बसला. तो सांगायचा नारळाएवढी, काकू म्हणते लिंबाएवढी, आणि मामा, जो त्या दिवशी तिथे नव्हताच, तो हातांनी टरबूज दाखवतो. जागा मात्र कुणालाच ठाऊक नाही.

शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं २०१९ मध्ये सगळ्या देशाला कळलं. सरकारी समितीच्या पाहणीत ८२ हजारांवर बायकांमध्ये १३ हजार ८०० हून जास्त जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. फडावर पाळीचे दिवस परवडत नाहीत, खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो, आणि दवाखाना म्हणतो काढून टाका, कटकट मिटेल. बातम्या आल्या तेव्हा मुंबई-पुण्याच्या मैत्रिणींचे मला धक्का बसल्यासारखे फोन आले. मला आश्चर्य वाटलं नाही, याचीच मला जरा लाज वाटली.

असो. माझ्या मॅडमनी "काढा" म्हटलं नाही. गरोदरपणात ते सहसा करतच नाहीत, कारण या दिवसांत पिशवीकडे येणारं रक्त वाढत जातं. नवव्या महिन्यात दर मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त, एरवीच्या दहापट. तिथे सुरी लावायची म्हणजे भरल्या पाटाला खांड पाडण्यासारखं. त्यांनी प्रिस्क्रिप्शनचा कागद उलटा केला आणि एक पिशवी काढली, उलट्या पेरूसारखी. मग मला विचारलं, "तुमचं गावाकडं घर कसलं? माळवदाचं?"

"हो."

"भिंतीला पिंपळ उगवतो बघा. बाहेरच्या अंगाला उगवला तर घरातल्या माणसाला पत्ता लागत नाही. भिंतीच्या पोटात उगवला तर भिंत फुगते, कधी त्रास, कधी नाही. पण माजघरात आतून उगवला तर पाहुण्याला अंथरूण कुठं घालणार?" त्यांनी तीन ठिकाणी गोल काढले. "आतल्या अस्तराखाली असेल तर गर्भ टिकायला अडचण. भिंतीत असेल तर ती किती आत सरकलीय ते बघायचं. बाहेर असेल तर बहुतेक वेळा नुसती सोबत. आणि खाली, तोंडाजवळ असेल तर दारातच धोंडा, बाळाला वाट नाही. तुमची भिंतीत आहे, वरच्या अंगाला, आत फार आलेली नाही. दार मोकळं आहे."

मग त्या म्हणाल्या, "केवढी आहे हे सगळे विचारतात. आधी जागा विचारायची." तो कागद मी फेकला नाही. शाळेच्या डायरीत अजून आहे.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मी त्या दिवशी मॅडमना घाबरत घाबरत विचारली. २०१३ मध्ये मला एकदा दिवस गेले होते आणि नवव्या आठवड्यात सगळं गेलं. तेव्हा दुसऱ्या एका दवाखान्यात पिशवी साफ करून दिली, गाठीबद्दल कुणी बोललं नाही. "तेव्हा या गाठीनंच गेलं का?" त्या लगेच हो म्हणाल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं, दोष द्यायला काहीतरी मिळालं असतं. पण त्या म्हणाल्या, पहिल्या तीन महिन्यांतले बहुतेक गर्भ गुणसूत्रांतल्या गडबडीनं जातात, तुमची गाठ जिथे आहे तिथून तिच्यावर आळ घेता येत नाही, आणि तिचा हात नव्हताच असंही मी छातीठोक सांगणार नाही. घरात मी यातलं अर्धंच सांगितलं.

माझ्या शाळेतल्या एका सहकारी बाईंची गोष्ट वेगळी. त्यांची गाठ अस्तराखाली होती, तीन सेंटिमीटरचीच, माझ्या निम्मी. दोन वेळा गर्भ गेला. मग दुर्बिणीनं खालूनच ती खरवडून काढली, काही महिने थांबल्या, आणि त्यांचा मुलगा आता सातवीत आहे. ज्यांची भिंतीतली गाठ पोट उघडून काढलेली असते त्यांचं आणखी निराळं. पिशवीवर व्रण राहतो, कळांच्या जोरात तो उसवायची भीती असते, म्हणून बाळंतपण कळा सुरू व्हायच्या आधीच सिझेरियननं करतात. म्हणजे "आधी गाठ काढून मग लेकराचं बघू" हा आमच्याकडचा सरसकट सल्लाही सगळ्यांना लागू नाही.

गाठी असतात तरी किती जणींना? गरोदरपणातल्या सोनोग्राफीत शंभरात साधारण दोन ते दहा जणींमध्ये दिसतात, आणि त्यातल्या बहुतेकींचं बाळंतपण काही न होता पार पडतं. वयाबरोबर प्रमाण वाढतं. मी तेहतीस वर्षांची होते. आमच्या गावात त्या वयात बायका सासू व्हायच्या तयारीला लागलेल्या असतात.

लोकांना वाटतं गरोदरपणात गाठ बाळाबरोबर शेवटपर्यंत वाढतच जाते. बहुतेक तशाच राहतात. ज्या वाढतात त्या पहिल्या तीन-चार महिन्यांत. माझी वाढली.

त्या वर्षीची येळवस ९ जानेवारीला होती. लातूर-धाराशिवकडे येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, गाव ओस पडतं आणि शिवारं भरतात. कडब्याची कोपी, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पांडव, भज्जी, खिचडा, आणि केळीभर, म्हणजे मडकंभर, अंबील. काळ्या आईची ओटी भरायची. रब्बीचं पीक पोटात घेऊन बसलेल्या जमिनीचे हे डोहाळे, असं आत्याबाई सांगतात. पण २०१६ ची येळवस बघवत नव्हती. दोन वर्षांचा दुष्काळ. ज्वारी गुडघ्याला येऊन थांबलेली, कणसं नाहीत, हुरड्याचा प्रश्नच नाही. तरी सासऱ्यांनी हौसेनं कोपी घातली होती, कारण घरात पोटुशी होती. मला पाचवा महिना पुरा होत होता. काळ्या आईच्या शेजारी माझीही ओटी भरली.

"ओलगे ओलगे" म्हणत मामंजी रानात अंबील शिंपडत निघाले आणि माझ्या पोटात डाव्या बाजूला, वर, कुणी तापलेली पळी टेकवावी तसं झालं. आधी वाटलं अंबील आंबट झालं. मग बसवेना. मग उभं राहवेना. एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल अशी कळ. पाळीसारखी नाही, येऊन जाणारी नाही, बसून राहिलेली. उलटी झाली. संध्याकाळी पेटत्या कडब्याचा हेंडगा फिरवायला थांबलोच नाही. जीपमध्ये मागच्या सीटवर आडवी होते आणि आत्याबाई माझ्या डोक्यावर हात ठेवून कुणाला तरी शिव्या घालत होत्या. शिवारातलं काहीतरी लागलं होतं म्हणे, माझ्यावर नजर होती म्हणे. मला एकच दिसत होतं, २०१३.

मॅडमनी पोटावर मशीन फिरवलं. ठोके होते. मी रडायला लागले तेव्हा त्या म्हणाल्या, "आता मी इथं दाबते, दुखलं तर सांगा," आणि गाठीवर दाबलं. माझी किंकाळी बाहेर सगळ्यांनी ऐकली. गाठ नऊ सेंटिमीटर झाली होती.

"ही एवढ्या वेगानं वाढली की हिला पोसायला रक्त पुरेना," त्या म्हणाल्या. "आत वाळायला लागलीय." मी शेतकऱ्याच्या घरची, मला ते लगेच कळलं. पाणी न पोचता पाटाच्या शेवटच्या सऱ्या जळतात तसं. पाण्याविना जळणारं पीक मी तासाभरापूर्वीच बघून आले होते. गाठीच्या मधल्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो, आत रक्त साकळून ती कच्च्या मटणासारखी लाल होते, म्हणून डॉक्टर त्याला रेड डीजनरेशन म्हणतात. बारीक ताप येतो, उलट्या होतात, अपेंडिक्स आहे का मुतखडा आहे का असा घोळ होऊ शकतो. गरोदरपणात गाठीचा सगळ्यात जास्त आढळणारा त्रास हाच, दुखणं. आणि ऐकायला कितीही भयंकर वाटलं तरी बहुतेक वेळा त्याला पडून राहणं, सलाईन आणि पॅरासिटामॉल एवढंच लागतं. माझ्या नवऱ्यानं जीपमध्ये मला कंबरदुखीची गोळी द्यायला काढली होती, त्याला मॅडमनी चांगलंच झापलं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक असल्या गोळ्या गरोदरपणात मनानं घ्यायच्या नाहीत. उत्तरार्धात तर त्यांनी बाळाच्या हृदयाजवळची एक वाहिनी वेळेआधी आकसू शकते आणि गर्भजलही कमी होतं.

पाच दिवस मी दवाखान्यात होते. सहाव्या दिवशी सकाळी उठले तर दुखत नव्हतं. आत्याबाई म्हणतात त्यांनी उतरवलेल्या मीठ-मिरच्यांनी. मी वाद घातला नाही, मिरच्यांचा वास मलाही आला नव्हता.

त्यानंतर मॅडम दर वेळी दोन गोष्टी बघायच्या. वार (प्लॅसेंटा) कुठे चिकटलीय आणि बाळ कसं बसलंय. वार गाठीच्या अंगावर चिकटली असेल तर ती वेळेआधी सुटायची भीती जास्त. माझी पाठीमागच्या भिंतीला, गाठीपासून लांब होती. हे नुसतं नशीब, त्यात कुणाचं कर्तृत्व नाही. वार खाली तोंडावर येणं, दिवस भरायच्या आधी कळा लागणं, बाळ उलटं किंवा आडवं राहणं, असल्या गोष्टी मोठ्या गाठीच्या बायकांत जरा जास्त दिसतात. पाच सेंटिमीटरच्या वरची असली, किंवा एकाहून जास्त असल्या की आणखी.

८ एप्रिलला पाडवा आला. सासूबाईंनी गुढीला बांधायची साखरेची गाठी आणली आणि त्यातलीच एक माझ्या गळ्यात घातली. पोरांना घालतात ती मला, कारण "लेकरू तुझ्यातच हाय की." आरशात बघून मला हसू आलं. आत एक गाठ, बाहेर एक गाठ. सातवा महिना सरला होता आणि बाळ डोकं वर करून बसलेलं होतं. गाठीनं एका बाजूची जागा खाल्ल्यावर त्याला कोलांटी घ्यायला वाव कमी. चार दिवसांनी, १२ एप्रिलला, मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. टीव्हीवाले सगळे तिथे होते, आम्ही घरी टँकरच्या नंबराची वाट बघत होतो.

आत्याबाईंनी आयुष्यात गावातली पाऊणशे तरी बाळंतपणं केलीत. त्या म्हणाल्या, "आन की हिकडं, चोळून फिरवते." पोट चोळून आडवं लेकरू सरळ केल्याच्या त्यांच्या गोष्टी खऱ्याही असतील. बाहेरून हातानं बाळ वळवण्याचा प्रकार डॉक्टरही करतात, पण त्या खोलीत सोनोग्राफी आणि शेजारी ऑपरेशनची तयारी ठेवून. माझ्या बाबतीत मॅडम त्यालाही नको म्हणाल्या, गाठ आडवी येते. आत्याबाई रुसल्या. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी डिंक भाजायला घेतला.

मेच्या मध्याला सिझेरियन ठरलं. त्याआधी हिमोग्लोबिन सलाईनमधून लोह देऊन पावणेअकरापर्यंत आणलं होतं. बाहेर उन्हाचा नुसता जाळ. दवाखान्यानं सांगितलं, वापरायला पाण्याचे चार जार तुमचे तुम्ही आणा, आणि रक्तपेढीतून दोन पिशव्या तयार ठेवा. माय तिथेच उभी होती. "पिशव्या" शब्दावर तिचा चेहरा एकदम उतरला, मला समजावून सांगावं लागलं की रक्ताच्या, रक्ताच्या.

रक्त का, तर मूल आणि वार बाहेर आल्यावर पिशवी मुठीसारखी आवळली गेली पाहिजे, तेव्हाच रक्त थांबतं. मुठीत धोंडा असेल तर मूठ नीट मिटत नाही. मी कमरेखाली बधिर होऊन पडद्याच्या अलीकडे होते आणि पलीकडे काय चाललंय ते आवाजावरून ओळखत होते. रडण्याचा आवाज आला. "मुलगी," असं कुणीतरी म्हणालं. मग बराच वेळ नुसती घाई. "अजून पिटोसिन." "प्रेशर किती?" छताच्या पंख्याला एक पातं जरा खाली होतं, ते मी मोजत राहिले. एक पिशवी रक्त लागलं, दुसरी परत गेली.

मला खोलीत आणलं तेव्हा नातेवाइकांचा दरबार भरलेला होता, आणि त्यात एकच विषय. मुलगी झाली हा नव्हे. "पोट उघडलंच होतं तर गाठ काढायची की!" नवरा, दीर, मामा (टरबूजवाला), सगळे मॅडमवर नाराज. घर उघडलंय तर जाळ्या पण काढून घ्यायच्या, असा साधा हिशोब. मॅडमनी दारात उभं राहून सांगितलं, की आज त्या गाठीत जेवढं रक्त आहे तेवढं पुन्हा कधीच नसेल, निवडक बायकांत सिझेरियनच्या वेळी गाठ काढतात, पण भिंतीतल्या एवढ्या गाठीला हात लावून रक्त थांबलं नसतं तर मला पिशवीच काढावी लागली असती. "तेहतीस वर्षांच्या बाईची?" त्या म्हणाल्या. दरबार गप्प झाला. कोपऱ्यात माय बसली होती. तिच्याकडे कुणी बघितलं नाही.

पुढे मुलीला पाजत बसलेल्या रात्रींत मी मोबाईलवर याच विषयाचं वाचत असायचे. व्हिक्टर बॉनी नावाच्या इंग्रज सर्जनची गोष्ट तेव्हा सापडली. १८७२ चा जन्म. त्याच्या बायकोला हाच आजार, तिची पिशवी काढावी लागली आणि त्यांना मूल झालं नाही. त्यानं मग हयात घालवली ती गाठी तेवढ्या काढून पिशवी जागेवर ठेवण्याच्या शस्त्रक्रियेत. एकदा एकाच पिशवीतून त्यानं दोनशेहून जास्त गाठी काढल्या. तो १९५३ साली वारला, म्हणजे मायच्या ऑपरेशनच्या चाळीस वर्षं आधी. मी हे मायला सांगितलं नाही. सांगून काय करू?

सहा महिन्यांनी सोनोग्राफी केली तेव्हा नऊची गाठ पाचवर आली होती. बाळंतपणानंतर पिशवी आवरते तशी बऱ्याच जणींची गाठही आवरते. आज मी त्रेचाळीस वर्षांची आहे आणि ती चार सेंटिमीटरवर थांबलीय. वर्षातून एकदा बघून येते. पाळीचे पहिले दोन दिवस जड जातात, शाळेत जास्तीची साडी ठेवते. बस.

खरा वाद मात्र वेगळ्याच गोष्टीवरून झाला आणि तो अजून मिटलेला नाही. आमच्याकडे पायाकडून जन्मलेल्याला पायाळू म्हणतात. पायाळू माणसाला विजा चमकताना बाहेर सोडत नाहीत, त्याला भुईतलं पाणी कळतं म्हणतात, आणि कुणाच्या पाठीत उसण भरली तर पायाळूचा पाय लावून घेतात. आत्याबाई बाराव्या दिवशी मॅडमच्या दवाखान्यात गेल्या, टाके दाखवायला मी आणि खुलासा घ्यायला त्या. "डाक्टरीनबाई, खरं सांगा. पाय आधी आला का डोस्कं?"

मॅडमनी गंभीरपणे विचार केला. "आधी कुल्ले, मग पाय, डोकं शेवटी."

"पर पोट फाडून."

"पोट फाडून."

हा पेच आत्याबाईंच्या पाऊणशे बाळंतपणांत आला नव्हता. त्या घरी येईपर्यंत जीपमध्ये बोलल्या नाहीत. फाटकाशी उतरताना निकाल दिला, "वाट कंची का आसंना, डोस्कं शेवटी आलं ना? पायाळूच." आणि त्या दुष्काळात, जिथे गावात सात बोअर कोरडे गेले होते, तिथे मुलगी झाली म्हणून सुस्कारे टाकायला आलेल्या बायका "मोठी झाली की पानी दावंल" म्हणत उठल्या.

पाणी तिनं अजून दाखवलेलं नाही. उसणीचं गिऱ्हाईक मात्र चालू आहे. येत्या मे महिन्यात दहा वर्षांची होईल, आणि सुट्टीत गावी गेलो की कुणी ना कुणी पाठ धरून ओसरीवर येतंच. तिला त्याचा कंटाळा येतो, पण आजीला ती नाही म्हणत नाही. मायची पाठ ऑपरेशनच्या दुसऱ्या वर्षापासून दुखते. पिशवीबरोबर तिच्या अंडाशयांचंही तेव्हा काय केलं ते कुठल्याच कागदावर नाही, पण छत्तिसाव्या वर्षीच तिला अंगातून वाफा यायला लागल्या होत्या आणि आता हाडं पार ठिसूळ झालीत. गेल्या दिवाळीत ती ओसरीवर पालथी पडली होती, पोरगी तिच्या पाठीवर एक पाय ठेवून, खांबाला धरून उभी, जोर न देता, नुसता टेकवून.

"हिकडं का?" तिनं विचारलं.

"व्हय, तितंच कुठंतरी."

"तितंच कुठंतरी न्हाई आजी. नेमकी जागा सांग."

माय जरा वेळ गप्प राहिली. मग हात मागे नेऊन तिनं चाचपलं आणि बोट ठेवलं.